झावरे मॅडमचं अर्धं वाक्य

झावरे मॅडमना "जरा सोप्या भाषेत सांगा" म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. "भाषा सोपीच आहे हो, तुम्हाला घाई आहे," असं म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. समोर शिपाई असो नाहीतर संस्थेचा सचिव असो, सुटका नसायची. काष्टीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी अकरा वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि ती अकराही वर्षं मी त्यांचा लॅब असिस्टंट होतो. म्हणजे काय, तर दाखवायचं मॅडमनी आणि ट्रे धुवायचे मी.

उंचीनं बेताच्या, सावळ्या, आवाज मात्र ग्राउंडच्या पार टोकाला ऐकू जाईल असा. सुती साडीखाली पुरुषी पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. पहिल्या वर्षी पोरं त्याला हसली, दुसऱ्या वर्षापासून कुणाच्या लक्षातही येईना. दुसरी खोड म्हणजे त्या सगळ्यांना अहोजाहो करायच्या. आईनं डोक्याला तेल थापून पाठवलेलं अकरावीतलं पोरगं उभं राहिलं की मॅडम म्हणायच्या, "बोला, दरेकर." ते बिचारं मागं वळून बघायचं, आपले वडील आलेत की काय म्हणून. मला त्या नवनाथराव म्हणायच्या. माझ्या सासुरवाडीतसुद्धा मला कुणी राव लावलेला नाही.

घर त्यांचं नगरला लागून असलेल्या भिंगारला. यजमान लष्कराच्या ऑफिसात क्लार्क होते, ते गेल्यावर घरात दुसरं कुणी नव्हतं. आठवडाभर मॅडम काष्टीत खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी कॉलेज सुटलं की नगरला जायच्या. शनिवारी आमच्याकडे जनावरांचा बाजार. निघायच्या आधी मॅडम त्यातून एक चक्कर मारायच्याच. बैलाचा जबडा उघडून दात बघायच्या आणि वय सांगायच्या, तेही मोठ्यानं. दलालानं दुसराच आकडा सांगितलेला असायचा. "बाई, घ्यायचा हाय का तुमाला?" तो वैतागून विचारायचा. "घ्यायचा नाही, बघायचाय," म्हणून मॅडम पुढच्या बैलाकडे वळायच्या.

मेंदू हा त्यांचा खास विषय. वर्षातून एकदा त्या मटणवाल्याकडून बोकडाचा भेजा आणायच्या, तोही स्वतःच्या स्टीलच्या डब्यातून. एका वर्षी इंग्रजीच्या सरांनी मधल्या सुट्टीत चुकून तो डबा उघडला आणि चार दिवस ते स्टाफरूममध्ये जेवायला बसले नाहीत. मॅडमना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "तुमच्या डोक्यात तरी दुसरं काय आहे?" एवढंच त्यांनी सरांना विचारलं.

अंगावर काटा आणणारी गोष्ट मी त्यांच्या तोंडून एका तासाला ऐकली. वर्गात दोन पोरांचं वाजलं होतं. एकानं दुसऱ्याला घराण्यावरून हिणवलं होतं आणि आमचं रक्त शुद्ध आहे म्हणून सुनावलं होतं. मॅडमनी त्याला फळ्याजवळ बोलावलं. "अहो, तुमच्याकडं सातबारा आहे ना? त्यात इतर हक्कात कुणाकुणाची नावं असतात?" पोरगं म्हणालं, "असत्यात की. जुनी, आज्या-पंज्याच्या आधीची." मग मॅडमनी सांगितलं, की माणसाच्या जनुकांच्या दप्तरातही अशा नोंदी आहेत. लाखो, कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना विषाणूंची लागण झाली. काही विषाणूंनी आपली जनुकं त्यांच्या बीजपेशींत घुसवली आणि ती तिथंच राहिली. बापाकडून पोराकडे, आईकडून लेकीकडे आली. आपल्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग असा आहे. बहुतेक तुकडे मेलेले आहेत, पण काही कामाला लागलेत. आईच्या पोटात वार तयार होते ती त्यांच्या मदतीनं, आणि मेंदूच्या घडणीतही त्यांचा हात दिसतो. "आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "यातलं शुद्ध कुठलं ते वेगळं काढून दाखवता का?" पोरगं खाली बघत जागेवर गेलं.

मला ते फार आवडलं होतं. म्हणूनच पुढचं घडलं, असं मी स्वतःला सांगत आलो.

विज्ञान दिनाला मॅडमनी हाच विषय घेतला. पालकांना बोलावलं होतं, हॉल भरला होता. मी मोबाईल टेबलावर उभा करून सगळं भाषण रेकॉर्ड केलं. संध्याकाळी वाटलं, आपल्या मॅडमचं बोलणं स्टेटसला लावावं. स्टेटसला तेव्हा तीस सेकंदच बसायची. सगळ्यात जोरदार तीस सेकंद शोधून मी कापली. त्यात मॅडम म्हणतात, "तुमच्या, माझ्या, इथं बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात व्हायरस आहे. मेंदूतसुद्धा आहे. तो आईबापाकडून पोरात जातो. कुठल्याही औषधानं तो निघत नाही. पोटातल्या बाळाचा मेंदू तयार होताना तो तिथं असतो, आणि..." इथं माझी तीस सेकंद संपली. "...आणि त्यांतले काही तुकडे कामाला लागले, म्हणून आज तुम्ही इथं बसून माझं बोलणं समजून घेताय," हे त्याच्या पुढचं वाक्य. ते वाक्य हॉलमधल्या लोकांनी ऐकलं. पण हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि मोबाईल गावभर आहेत.

दुसऱ्या दिवशी दूध डेअरीच्या ग्रुपवर ते आलं, वर लाल दिव्यांची चित्रं लावून: 'काष्टीच्या मॅडमचा खुलासा'. कोरोना लोक विसरले नव्हते. मी घाबरून स्टेटस काढलं. मूळ व्हिडिओ शोधायला गेलो, तर मेमरी फुल झाली म्हणून मीच तो आदल्या रात्री उडवला होता. कुणाला काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई कडेवर पोर घेऊन लॅबच्या दारात उभी राहिली. कॉलेजच्या मागच्या मळ्यातली, भानुदास तात्यांची धाकटी सून सीमा. पोर अडीच वर्षांचं, नाव ओम. त्याला अजून बोलता येत नव्हतं, अधूनमधून फिट यायची. आठवड्यातून दोनदा ती त्याला एसटीनं नगरला व्यायामाला न्यायची. त्या व्यायामानं तो नुकताच भिंतीला धरून उभा राहायला लागला होता.

"मॅडम, मोबाईलमधल्या तुमीच ना?" तिनं विचारलं.

"कुठल्या मोबाईलमधल्या?" मॅडमनी ते पाहिलंच नव्हतं.

तिनं दाखवलं. मॅडमनी दोनदा पाहिलं. मी मागं परीक्षानळ्या धूत होतो. मी नळ मोठा सोडला.

"माझ्या पोराच्या डोस्क्यात ह्यो व्हायरस हाय का?" सीमा म्हणाली. "ओम पोटात हुता तवा मला कोरोना झाल्ता. सासूबाई म्हनत्यात, तुझ्याकडूनच आलं. अंगनवाडीच्या बाई म्हनल्या, उद्यापसनं आनू नका. जाऊबाई त्येंच्या लेकरास्नी ह्याला शिवू देत न्हाईत. रविवारी भावकीची बैठक हाय. मला माहेरी धाडनारेत."

"माहेर कुठलं?"

"पाथर्डीकडलं. पन घराला कुलूप हाय. आई-बाप ऊसतोडीवर गेलेत कारखान्याला. म्हंजी मला बी तिकडं पाचटाच्या कोपीतच ऱ्हावं लागंल. तिथनं कुठला दवाखाना, मॅडम? आत्ता कुठं उभा ऱ्हायलाय."

 मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. की हे जुने तुकडे प्रत्येकात असतात, ते कोरोनासारखे लागत नाहीत, शिवल्यानं काही होत नाही. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"मंग ओमला ह्येच्यामुळं न्हाई झालं?"

"माझ्या भाषणातल्या व्हायरसमुळं झालं, असं म्हणता येत नाही."

"आन् माझ्याकडून बी न्हाई?"

मॅडमनी ओमकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते मला माहीत नाही."

सीमाचे डोळे भरले. "तुमी नुसतं न्हाई म्हना ना, मॅडम. बैठकीत येऊन येवढं येकदा न्हाई म्हना. तुमचं ऐकतील ते."

"मी येते," मॅडम म्हणाल्या. न्हाई म्हणेन, असं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी माझ्या मोटारसायकलवरून आम्ही मळ्यात गेलो. वाटेत मी म्हणालो, "मॅडम, द्या की सांगून एकदाचं, सुनेकडून आलं नाही म्हणून. कोण बघायला जातंय?"

"त्या घरात उद्या दुसरं मूल येईल, नवनाथराव," त्या मागून म्हणाल्या. "तेव्हा ते माझ्याच शब्दावर विसंबून राहतील. आणि तसंच पुन्हा झालं तर?"

 पण मनात आलं, त्या उद्याच्या मुलासाठी आजच्या पोराला कोपीत पाठवणार का ही बाई? मला त्यांचा राग आला. स्वतःचा यायला हवा होता.

पडवीत सतरंजीवर वीसेक माणसं बसली होती. बायका आतल्या दाराआड. सीमाचा नवरा सचिन कोपऱ्यात नखं खुडत होता. तात्या उठून उभे राहिले. "या मॅडम. तुमी आत बसा, बायकांत."

"मला इथून नीट ऐकू येतं," म्हणून मॅडम सतरंजीवर मधोमध बसल्या. मी पायरीशी चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिलो.

तात्या काही दुष्ट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमीच बोलल्यात, आईबापाकडून पोरात जातं, औषध न्हाई. मंग आमी काय करायचं?"

"तुमच्या विहिरीवर मोटर आहे ना तात्या? केबलवरचं रबर निघालं तर?"

"शॉक बसंल. न्हाईतर मोटर जळंल."

"आपल्या मेंदूतल्या तारांवर तसंच वेष्टण असतं. ते असतं म्हणून निरोप झटक्यात पोचतो. आता संशोधक म्हणतात, की ते वेष्टण घडवायला एका जुन्या विषाणूचाच तुकडा मदत करतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी आला होता रोग म्हणून, आणि कामाला राहिला. माझं वाक्य असं होतं. तुम्ही ऐकलंत ते निम्मं."

माणसं पुढं सरकून ऐकायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी आमी सगळीच व्हायरसवाली?" सगळे हसले. दाराआडून सीमाचा चेहरा थोडा पुढं आला. मला वाटलं, जिंकलो.

"हे पटलं," तात्या म्हणाले. "पोरगं काय शिवल्यानं लागत न्हाई, हे बी पटलं. आता येवढंच सांगा. त्येचं दुखनं सुनंच्या रक्तातनं आलं न्हाई, असं तुमी सांगताय का?"

हसू थांबलं. सगळे मॅडमकडे बघायला लागले. सीमाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, न्हाई म्हणा, बाई, न्हाई म्हणा.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

दाराआड कुणीतरी चुकचुकलं. सीमाचा चेहरा मागं गेला.

"तिच्याकडून आलं असेल," मॅडमचा आवाज चढला, "सचिनरावांकडून आलं असेल. दोघांकडून थोडं थोडं आलं असेल, किंवा कुणाकडूनच नाही, जन्मताना काही झालं असेल. तपासणी करता येते. पण करायची तर दोघांच्या रक्ताची करायची. एकटीच्या नाही."

सचिननं पहिल्यांदा मान वर केली. पण तात्या कडाडले, "आमच्या घरातलं रक्त तपासायचं न्हाई!" मग स्वतःच ओशाळून हळू बोलले, "मॅडम, पुतनीचं जमलंय. येत्या वैशाखात लगीन हाय. असलं काय कागदावर आलं, आन् सोयऱ्यांच्या कानावर गेलं, तर मोडंल. तिचा काय दोष?"

"आणि हिचा काय?" मॅडमनी विचारलं. 

मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "ह्ये सगळं त्या व्हिडिओनं झालं. काढला कुनी व्हिडिओ?"

 मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बोलले मी," त्या म्हणाल्या. "चूक माझी." आणि मी चपलांकडे बघत उभा राहिलो. चाळीस चपला होत्या, त्यातली एकही मी उचलून स्वतःच्या डोक्यात हाणून घेतली नाही.

"सून उद्या माहेरी जाईल," तात्यांनी निकाल दिला.

मॅडम उठल्या आणि सरळ दाराकडे गेल्या. "सीमाताई, तुम्हाला काय वाटतं?"

सगळ्या बैठकीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती रडत होती, पण बोलली स्पष्ट. "मला दवाखाना सोडायचा न्हाई."

"भिंगारला माझ्या तीन खोल्या आठवडाभर कुलूप लावून पडलेल्या असतात," मॅडम तात्यांकडे वळून म्हणाल्या. "तिथून दवाखान्याला रिक्षानं दहा मिनिटं लागतात. शेजार चांगला आहे. ह्यांना तिथं राहू द्या. लोकांना सांगा, उपचाराला ठेवलंय. ते खोटंही नाही. आणि सचिनरावांनी दर रविवारी यायचं."

 उपचाराला, हा शब्द तात्यांना आधारासारखा वाटला असावा. शेवटी त्यांनी मान हलवली. सचिन म्हणाला, "मी जातो सोडाया." सबंध बैठकीत तो बोलला ते तेवढंच.

परतताना मॅडम गाडीवर मागं बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ती किती आशेनं बघत होती हो माझ्याकडं." त्यांचा आवाज फुटला. अकरा वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याच वेळी गाडी बाजूला घेऊन सगळं सांगायला हवं होतं. मी गियर बदलला आणि गाडी पळवली.

संस्थेकडे कुणीतरी तक्रार केलीच. भाषणाबद्दल खुलासा मागवला गेला. मॅडमनी चौदा पानी खुलासा दिला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. जूनमध्ये त्यांची बदली नेवाशाच्या शाखेला झाली. निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. भांडल्या असत्या तर रद्द झाली असती, पण त्या म्हणाल्या, "बरंच झालं, भिंगारवरून रोज जाऊन-येऊन करेन." लॅबच्या किल्ल्या माझ्या हातात देताना त्यांनी कपाटात काय कुठं आहे ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मला सगळं पाठ होतं, तरी मी ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या निवृत्तीच्या कागदांवर जुन्या कॉलेजचं काहीतरी अडलं. सह्या आणायला मी आपणहून भिंगारला गेलो. ओमसाठी प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर घेतला होता. उन्हाळ्याचे दिवस होते. मॅडम आता घरातही कॅनव्हासचे बूट घालत होत्या, गुडघे दुखतात म्हणाल्या. ओम ओट्यावर उभा होता. सचिन रविवारी येतो, पण घरी न्यायचं नाव अजून काढत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. रक्त कुणीच तपासलं नव्हतं.

सह्या झाल्या. कागद घडी करता करता मी म्हणालो, "मॅडम, तो व्हिडिओ मी कापला होता."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्यात मध्येच तुम्ही खोकताय. त्या दिवशी सीमानं दाखवला तेव्हाच ऐकलं."

"मग बैठकीत..."

"तिथं तुमचं नाव घेऊन तिचं काय भलं होणार होतं?" त्यांनी चष्मा काढला. "पण मला कशाला सांगताय, नवनाथराव? मला घराबाहेर नव्हतं काढलं कुणी. ती आत आहे."

आणि त्या उठून बाहेर ओट्यावर ओमजवळ जाऊन बसल्या.

सीमा आत पोळ्या करत होती. मी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. तीस सेकंद, स्टेटस, उडवलेला व्हिडिओ, बैठकीत गप्प बसलो ते, सगळं. तिनं लाटणं ठेवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "ट्रॅक्टर ठेवून जा. पन ओमला उचलून घेऊ नका."

मी बाहेर आलो. मॅडम पाठमोऱ्या ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या, ओम त्यांच्या खांद्याला धरून उभा होता. मला पाहून त्यानं एक हात सोडून माझ्याकडे केला. मॅडम वळल्या नाहीत, फक्त वाट देण्यासाठी जरा बाजूला सरकल्या. मी दोन्ही हात मागं बांधले आणि त्याच्या शेजारून खाली उतरलो.